४० खाटांच्या रुग्णालयात डायलिसिस सुरू करावं का?

कोपरखैरणे_प्रशासन
नमस्कार मंडळी. आमचं ४० खाटांचं धर्मादाय रुग्णालय आहे, त्यात ४ खाटांचा आयसीयू. एक देणगीदार ५ डायलिसिस मशीन द्यायला तयार आहेत. नवी मुंबईतल्या घणसोली, रबाळे, दिघा पट्ट्यातल्या गरिबांची सोय व्हावी, असं विश्वस्तांना मनापासून वाटतं. पण हे चालेल की नाही, ते ठरवताना आधी काय तपासावं?

हिशेब_ठाणे
आधी रुग्ण मोजा, तेही आठवड्यातून तीनदा येणारे. लॅबच्या रजिस्टरमधले वाढलेले क्रिएटिनिन (किडनीचं काम कळवणारी रक्ततपासणी) मोजले की आकडा नुसता फुगतो. त्यातल्या बहुतेकांना डायलिसिस कधीच लागत नाही. मग आसपासच्या केंद्रांना फोन करून एकच विचारा, ‘सकाळची जागा आहे का?’ लगेच मिळत असेल तर मागणी आधीच भागतेय.

एक मशीन हेपॅटायटिस बी साठी बाजूला, वेगळ्या खोलीत. उरलेली ४, रोज ३ शिफ्ट, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३१२ सेशन. आता फक्त रीत कळावी म्हणून आकडे धरतो: दर १,४००, डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर)-ट्युबिंग-औषधं ८००, उरले ६००. पगार, नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीतज्ज्ञ), एएमसी (मशीनचा वार्षिक देखभाल करार), वीज मिळून महिना १,८०,००० असेल तर ३०० सेशन लागतात, म्हणजे प्रत्येकाचे महिन्याला १३ धरून साधारण २३ कायमचे रुग्ण. तीनही शिफ्ट भरल्या तर कुठे हातातोंडाची गाठ! आणि तिसरी शिफ्ट रात्री संपते. चार तास खाटेवर काढून गळून गेलेला माणूस त्या वेळी दिघ्याला कसा पोचणार? दोन शिफ्टचे २०८ धरूनच निर्णय घ्या.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यायचं असेल तर आपल्या आकड्यांच्या जागी योजनेचा दर घाला. पैसे मागाहून येतात, तोवरच्या मालासाठी रोकड हाताशी हवी.

पाणी_आणि_प्लांट
हिशेब बरोबर आहे, पण मी पाण्यावरच अडून बसेन. एका मशीनला मिनिटाला ५०० मिली, चार तास, म्हणजे सेशनला १२० लिटर शुद्ध पाणी. आरओ निम्मं सोडून देतो असं धरा, म्हणजे टाकीतलं २४० लिटर. १२ सेशन आणि धुणं-निर्जंतुकीकरण धरून दिवसाला ४,००० लिटर वेगळं राखा. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊनला टँकर मागवलात तर त्या पाण्याचा कठीणपणा (क्षारांचं प्रमाण) तपासा. सॉफ्टनरला (क्षार काढणाऱ्या टाकीला) मीठ कमी पडलं की कॅल्शियम पुढे जातं, रुग्णाला उलट्या होतात, बीपी चढतं.

सगळ्यात जपायचं ते क्लोरीन. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) अडवण्यासाठी आरओवर भिस्त ठेवता येत नाही, ते काम कार्बनच्या टाकीचं. दोन टाक्या एकापाठोपाठ ठेवा. प्लांट १५ मिनिटं चालला की प्रत्येक शिफ्टआधी दोन टाक्यांमधल्या नळाचं पाणी घ्या, डीपीडी (क्लोरीन असलं की पाणी गुलाबी करणारं रसायन) टाका, बाटली पांढऱ्या कागदासमोर धरा. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. त्याहून गुलाबी दिसलं तर दुसऱ्या टाकीनंतरचा नमुना पाहिल्याशिवाय एकही रुग्ण जोडू नका. क्लोरामाइनने तांबड्या पेशी फुटतात, आणि पाणी एकच असल्यामुळे सगळ्या खाटांवर एकदम.

लूपमध्ये (शुद्ध पाणी मशीनपर्यंत नेणाऱ्या पाइपलाइनमध्ये) तांब्याची, जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पाइप नको, बंद टोकही नको. जनरेटरवर मशीन घेतात आणि आरओ विसरतात, तेही बघा.

कोपरखैरणे_प्रशासन
मनापासून आभार. मशीन वापरलेली आहेत, हे सांगायचं राहिलं.

डायलिसिस_नर्सिंग
मग चाललेले तास, सुटे भाग मिळतात का आणि एएमसी कोण घेणार, हे लेखी मागा. देणगीदारांना ५ ऐवजी ३ मशीन आणि आरओ प्लांट देण्याची विनंती करून बघा.

माझा प्रश्न वेगळा आहे. रात्री २ वाजता पोटॅशियम ७ (जिवाला धोका होईल इतकं वाढलेलं) घेऊन रुग्ण आला तर टेक्निशियन किती वेळात पोचतो? नेफ्रॉलॉजिस्ट फोनवर तरी नक्की मिळतात का? फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडण्याचं ऑपरेशन) कोण करणार? तो वापरायला साधारण सहा आठवडे लागतात, तोवर मानेतली कॅथेटर सांभाळायची, आणि जंतुसंसर्ग तिथूनच होतो. तीन रुग्णांमागे एक प्रशिक्षित माणूस सतत खाटांजवळ हवा. टेक्निशियन, नेफ्रॉलॉजिस्ट आणि फिस्टुला करणारा सर्जन हे तिन्ही लोक नावानिशी ठरले नसतील तर या बैठकीत होकार देऊ नका. तोपर्यंत एका मशीनवर, फिरता छोटा आरओ लावून, आयसीयूतल्या तातडीच्या रुग्णांपुरतं सुरू करता येईल. त्यालाही नेफ्रॉलॉजिस्ट आणि टेक्निशियन लागतातच, पण २३ रुग्णांची वाट बघावी लागत नाही.