उघडीप मिळाली म्हणून घाट चढायचा?
हिमस्खलनाबद्दल म्हणतात की वादळानंतरचा पहिला दिवस सगळ्यात धोक्याचा. मग आपल्याकडे, सह्याद्रीत दरडींचा धोका असताना, 'दोन तास उघडीप मिळाली की महाडहून घाटवाट चढू' हा सल्ला कसा काय चालतो? पाऊस थांबला तरी मुरलेलं पाणी कातळापर्यंत उतरतच असतं, आणि वरची ओली माती उघडिपीतही सुटते. महाडजवळच्या तळिये गावात 22 जुलै 2021 ला दरड कोसळून 80 हून अधिक माणसं गेली. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर त्या दिवशी आणि नंतरचा एक दिवस घरी कांदाभजी खा.

वाटेत असाल तर ओढ्यावर लक्ष ठेवा. पाऊस चालू असून पाणी अचानक कमी झालं किंवा एकदम गढूळलं, तर वर दरडीच्या मातीने ओढा अडलेला असू शकतो, आणि तो बांध फुटला की लोंढा येतो. पात्रातून खाली धावू नका, बाजूच्या सोंडेवर (डोंगराच्या उतरत्या धारेवर) चढा.