घुमटाची आस आठ बिटांत मावते की नाही?

मांडवीकाठ
गोव्यातल्या चवथीच्या आरत्यांसाठी घुमट (एका तोंडाला कातडे ताणलेले मातीचे वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळे (झांजा) यांचे सँपल, म्हणजे आकड्यांत साठवलेले आवाजाचे तुकडे, अमिगा या जुन्या घरगुती संगणकावर कसे करावेत, यावर बोलणे चालले होते. त्यात 'शामेळ' याच नावाने लिहिणाऱ्या शामेळबाबांनी म्हटले, "अमिगा ५०० वर घुमट म्हणजे पत्र्याचा डबा. आठ बिटांत आस खरखरते, तो पॉला चिपचा दोष आहे, त्याला इलाज नाही." तेवढ्या वाक्यासाठी हा वेगळा धागा काढतो आहे. (पॉला म्हणजे अमिगाची आवाजाची चिप, आस म्हणजे थापेनंतर विरत जाणारी गुंज.) दोष पॉलाचा नाही, सँपल भरणाऱ्याचा आहे.

थाप पडते तेव्हा सँपलमधले आकडे -१२८ ते +१२७ अशी सगळी जागा व्यापतात. आस विरत आली की तेच आकडे ±४ वर येतात. मग सगळी गुंज फक्त नऊ पायऱ्यांवर चढते-उतरते, आणि खरखर ऐकू येते ती याची. पण पॉलात प्रत्येक चॅनलला ० ते ६४ असा स्वतंत्र व्हॉल्यूम आहे आणि तो सँपलच्या आठ बिटांना हात लावत नाही. म्हणून आस सँपलमध्ये विरू द्यायचीच नाही. ती शेवटपर्यंत भरदार ठेवा आणि उतार प्रोट्रॅकर या अमिगावरच्या संगीत-प्रोग्रॅममधल्या, व्हॉल्यूम उतरवणाऱ्या 'ए' आज्ञेकडे सोपवा. सगळे अमिगावरच करा.

१२५ बीपीएम आणि वेग ६ धरला तर एक ओळ सहा टिकांची, म्हणजे १२० मिलिसेकंदांची होते. पहिला टिक सोडून पाच टिकांवर उतार लागतो, म्हणजे ए०४ (दर टिकाला ४) एका ओळीत २० खाली आणते. दोन ओळी ए०४, एक ओळ ए०२, मग तीन ओळी ए०१ असे लिहा. ६४ वरून ४४, २४, १४, ९, ४, ०. सगळे मिळून ७२० मिलिसेकंद. एकच ए०२ शेवटपर्यंत लावले तर उतार सरळ रेषेत होतो आणि थाप कुणीतरी हाताने दाबल्यासारखी वाटते. बहुतेक मॉड्यूलमध्ये (प्रोट्रॅकरच्या गाण्यांच्या फाइलींत) हीच चूक असते आणि खापर चिपवर फुटते.

शामेळ
गणित बरोबर आहे, पण "भरदार ठेवा" म्हणजे नेमके कुठे ठेवायची, ते तुम्ही गाळलेत. अमिगावरच आठ बिटांत घेतलेला आवाज प्रोट्रॅकरच्या सँपलरमध्ये १०० ते २०० टक्के असा रॅम्प लावून फुगवलात, तर ±४ चे ±८ होतील, पण पायऱ्या नऊच राहतील. आस दुप्पट झाली तशी खरखरही दुप्पट. घेतानाच गेलेले बिट मागून येत नाहीत.

हेच १६ बिटांत घ्या. तिथे त्याच क्षणी आस ±१०२४ वर असते, म्हणजे दोन हजारांवर पायऱ्या. ती तिथेच ३२ पट वाढवायची आणि मग आठ बिटांवर आणायची. म्हणजे काम लॅपटॉपवर. "सगळे अमिगावरच करा" हा तुमचा हट्ट तिथेच मोडतो. माझे मूळ म्हणणे तेच होते, फक्त शब्द कडक होते.

मांडवीकाठ
३२ पट वाढवली की खोलीतला पंखा, कौलांवरचा पाऊस, शेजारच्या वाड्यातली कोंबडी, सगळे ३२ पट वाढते. त्याचे काय?

शामेळ
काहीच नाही. व्हॉल्यूम उतरला की तेही आपल्या जागी परत जाते. वाढवताना हाताने अंदाजे फुगवू नका. तुम्हीच दिलेली ६४, ४४, २४, १४ ही उतरंड घ्या आणि मूळ आवाजाला तिनेच भागा. वाजताना गुणाकार होऊन मूळ आस परत मिळते. थापेचे पहिले ४० मिलिसेकंद मात्र जसेच्या तसे ठेवा, नाहीतर कडाच बोथट होते.

अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी सांगत नाही. हे गणित एकाच सुरावर जुळते. सँपल वरच्या सुरात वाजवला की तो लवकर संपतो, पण व्हॉल्यूमचा उतार घड्याळाबरोबर चालतो. तेव्हा दोन सुरांचे घुमट हवे असतील तर दोन सँपल करा. पीरियड (सँपल किती वेगाने वाचायचा तो आकडा; लहान तितका सूर वर) २१४ म्हणजे सेकंदाला १६,५७४ बाइट, त्यामुळे ७२० मिलिसेकंदांना साधारण १२ केबी लागतात. ५१२ केबी चिप रॅममध्ये दोन सहज मावतात.

सोल्डरधूर
तुम्ही दोघेही आकड्यांवर भांडता आहात. समांतर (प्रिंटर) पोर्टावर लावून आवाज आत घेणाऱ्या घरगुती सँपलरमध्ये काय बसवले आहे, ते कोण पाहणार? एडीसी ०८०४ या आवाजाचे आकडे करणाऱ्या चिपला एका रूपांतराला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला दहा हजारांच्या आसपास त्याची मजल संपते. पीरियड २१४ ला दर ६० मायक्रोसेकंदांनी नवा आकडा हवा. मिळत नाही, म्हणून संगणक जुनाच आकडा पुन्हा वाचतो आणि आवाजात खडे पडतात. एडीसी ०८२० दोन-अडीच मायक्रोसेकंदांत काम उरकतो. दोन्ही २० पिनांचे आहेत, पण पिनांची मांडणी वेगळी. एकाच्या सॉकेटमध्ये दुसरा खुपसू नका.

आणि कळकळीने सांगतो, मशीन चालू असताना पोर्टात काहीही लावू-काढू नका. पोर्ट सांभाळणारी ८५२० चिप जाऊ शकते आणि तिच्याबरोबर प्रिंटर पोर्टही. अमिगा १००० च्या पोर्टाची पिनरचना ५०० सारखी नाही, तिथे ५०० ची केबल लावणे म्हणजे मुद्दाम घात करणे.

तांबडीमाती
सँपल फुगवा, कापा, भागा, पण घुमटात मुळात दोन आवाज असतात हे कुणीच बोलत नाही. एक हात कातड्यावर पडतो, दुसरा मागच्या लहान तोंडाची उघडझाप करतो. तोंड झाकत नेले की आतल्या हवेचा सूर खाली येतो, कातड्याचा येत नाही. तुम्ही पूर्ण सँपलचा पीरियड सरकवला की कातडेही सरकते, आणि तिथेच घुमटाचा डबा होतो.

कातड्याची फक्त थाप घ्या, दीड-दोन हजार बाइट पुरे. हवा स्वतः घडवा. अमिगाबेसिकमध्ये ० ते १२७ असे १२८ आकडे काढा: १२७ गुणिले साइन(२π गुणिले क्रमांक भागिले १२८). उत्तर ऋण आले तर २५६ मिळवून बाइट लिहा. मग प्रोट्रॅकरमध्ये रिपीट ०, रिपीट लांबी हेक्समध्ये ००८० (१२८), म्हणजे लहर फिरत राहते. पीरियड २१४ ला साधारण १२९.५ हर्ट्झ मिळतात. ६४ बाइटांची लहर पीरियड ४२८ ला तोच सूर देते, पण ८,२८७ हर्ट्झच्या आजूबाजूला बारीक शिट्टी राहते. १२८ ला ती १६ हजारांच्या वर जाते आणि कमीही होते.

फोंडा५००
लहर झकास, पण ती वाजवणार कशी? प्रोट्रॅकरमध्ये एका चॅनलच्या एका ओळीत एकच आज्ञा बसते. सूर सरकवायला २ची आज्ञा दिली की व्हॉल्यूमच्या 'ए'ला जागा नाही. वर घुमटालाच दोन चॅनल गेले. शामेळ, कासाळे आणि पेटी उरलेल्या दोनात कोंबायची?

तांबडीमाती
५ची आज्ञा त्यासाठीच आहे: सूर ३च्या आज्ञेत दिलेल्या वेगाने सरकत राहतो आणि व्हॉल्यूमही उतरतो. पहिल्या ओळीत सी-३ (पीरियड २१४) आणि ए०४. दुसरीत बी-२ (पीरियड २२६) लिहून ३०१. त्या ओळीत व्हॉल्यूम थांबतो, पीरियड २१४ वरून २१९ होतो. तिसरीत नुसते ५०४, चौथीत ५०२. पीरियड २२४ आणि मग २२६ वर जाऊन थांबतो, व्हॉल्यूमही उतरत राहतो. चॅनलचे म्हणाल तर शामेळ आणि कासाळे क्वचितच एकाच मात्रेवर कडक पडतात, ते एका चॅनलवर आलटून पालटून बसतात. घुमटाचे दोन्ही भाग मात्र १ आणि ४ वर ठेवा, किंवा २ आणि ३ वर. पहिली जोडी डावीकडे वाजते, दुसरी उजवीकडे. १ आणि २ वर टाकलेत तर कातडे एका कानात आणि हवा दुसऱ्या.

शामेळ
क्वचितच? आरतीचा शेवट वाढत्या लयीत येतो तेव्हा कासाळे प्रत्येक मात्रेवर असतात. ज्याने हे लिहिले त्याने आरती दुरूनच ऐकली असावी. आणि कातड्याचे काय? आज बाजारात बकरीच्या कातड्याचे घुमट मिळते, त्याची थाप जाड पडते. ती घेऊन म्हणणार, हा घुमटाचा सँपल.

तांबडीमाती
मग काय पूर्वीसारखे घोरपडीचे कातडे शोधायचे? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद आहे आणि बंदच असले पाहिजे. २०१९ ला घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हटले गेले, ते आज वाजते त्या बकरीच्या घुमटासकट. वाद्याचा अपमान करू नका.

शामेळ
अपमान नाही, नाद सांगतो आहे. जाड कातड्यात वरचे स्वर कमी असतात. एवढे तरी मान्य करा.

सोल्डरधूर
कातडे बकरीचे की आणखी कशाचे यापेक्षा पावसाळी दमट हवेत ते ढिले आहे की नाही, हे जास्त मोजते. चवथ म्हणजे भाद्रपद. उन्हात किंवा शेकोटीजवळ ताणून घेतल्याशिवाय थाप घेतलीत तर कुठलाही फिल्टर ती वाचवणार नाही. ताणलेले कातडे थंड होत जाते तसा सूर उतरतो, म्हणून सगळ्या थापा पाच-सात मिनिटांत उरका. माइक दोन जागी: कातड्यासमोर तिरपा एक, मागच्या तोंडाजवळ एक. तोंडासमोर थेट धरलात तर वाऱ्याचा फुसकारा येतो.

शामेळ
ताणण्याचे मान्य. बकरीच्या ताणलेल्या कातड्याची थापही चालेल, पण वरचे स्वर थोडे उचलावे लागतील. ते आठ बिटांवर आणण्याआधीच करा.

फोंडा५००
फिल्टरचा विषय निघालाच आहे तर: ई०० या आज्ञेने पॉवरचा दिवा उजळतो, अमिगाचा फिल्टर चालू होतो आणि ३.३ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर दाबले जातात. हवेच्या लहरीला बरे, कासाळ्यांना मारक. तो चारही चॅनलना एकदम लागतो, एकट्या घुमटाला नाही. तेव्हा ई०१ (फिल्टर बंद) ठेवा आणि गुळगुळीतपणा लहरीतच भरा. ५०० मध्ये आणखी एक कायमचा मंद फिल्टर आहेच. अमिगा १२०० वर तो जवळजवळ नाही, म्हणून तिथे ऐकून पसंत केलेले कासाळे ५०० वर मंद होतात, आणि ५०० वर पसंत केलेले तिथे टोचतात.

मांडवीकाठ
शामेळबाब, १६ बिटांचा मुद्दा मानतो. मूळ आवाज लॅपटॉपवर घेऊन तिथेच भागावा. पण लूप (सँपलचा फिरत राहणारा भाग) आणि शेवट मी अमिगावरच कापणार, आणि यावरून हटणार नाही. लूप सम बाइटवरच सुरू होतो आणि सम बाइटवरच संपतो. लॅपटॉपवर विषम जागी शून्यावर नेमका बसवलेला लूप इथे एक बाइट सरकतो आणि टकटक करतो. लूप नसलेल्या सँपलचे पहिले दोन बाइट शून्य हवेत, कारण सँपल संपल्यावर प्रोट्रॅकर तेच दोन फिरवत राहतो. तिथे थापेची कडा असली तर ती पुसली जाते. म्हणून थापेच्या आधी दोन शून्य बाइट स्वतःच ठेवा.

शामेळ
दोन शून्य बाइट ठेवा, ठीक. कासाळ्यांना पीरियड १२७ घ्या, सेकंदाला २७,९२८ बाइट. त्यांची आस भागायच्या भानगडीत पडू नका, त्यातली खरखर झंकारात मिसळून जाते. घुमटाचे तुमचे मॉड्यूल तयार झाले की पाठवा, ५०० वरच ऐकीन.