माला-एन चालू आहे, महालक्ष्म्यांसाठी पाळी लांबवायची वेगळी गोळी घ्यावी का?

महालवासी: वय 31, दोन मुलं, धाकटं चार वर्षांचं. माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं दुसरं पाकीट चालू आहे. सकाळी मळमळतं, मधेमधे डाग लागतात. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि नेमक्या त्याच दिवसांत पाकिटातल्या लोहाच्या गोळ्या येताहेत, म्हणजे पाळी येणारच. औषधाच्या दुकानात पाळी लांबवायला नॉरएथिस्टेरॉन 5 मिग्रॅ दिवसातून तीनदा घ्यायला सांगितलं. दोन्ही सोबत चालतात का?

इतवारी फार्मसिस्ट: ताई, ती गोळी घेऊ नका. तुम्हाला तिची गरजच नाही. माला-एनच्या पांढऱ्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिग्रॅ आणि इथिनाइल इस्ट्राडायोल 0.03 मिग्रॅ असतं. अशा 21 गोळ्या, मग 7 नुसत्या लोहाच्या. हार्मोन थांबलं की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. तो टाळायचा तर लोहाच्या सातही सोडा आणि शेवटच्या पांढऱ्या गोळीच्या दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी घ्या. गर्भनिरोध तसाच चालू राहतो. पाकीट मात्र आधीच आणून ठेवा. आशाताईंकडे किंवा आपल्या नागपुरातल्या सरकारी डागा दवाखान्यात फुकट मिळतं.

नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इथिनाइल इस्ट्राडायोलमध्ये बदलतो. म्हणजे माला-एनवर आणखी भर. मळमळ वाढेल, स्तन दुखतील, रक्ताच्या गुठळीची जोखीमही वाढेल. चिठ्ठीशिवाय ही गोळी देणं मला अजिबात पटत नाही.

एक सांगून ठेवतो: तुम्हाला आताच डाग लागताहेत, तेव्हा सलग घेतल्यावरही थोडे डाग दिसू शकतात. पूर्ण पाळीसारखा स्राव सहसा होत नाही.

परिचारिका, कुटुंब नियोजन: डाग आणि मळमळ पहिल्या तीन महिन्यांत बहुतेकींना कमी होते. गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर रात्री जेवणानंतर घ्या, पण वेळ रोज एकच. वेळ मागेपुढे झाली की डाग वाढतात. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक पांढरी घ्या.

बीपी मोजलं का? 140/90 किंवा वर असेल तर माला-एन तुमच्यासाठी नाही. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसत असतील तरीही नाही. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर तिचा परिणाम कमी होतो.

एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत कळ, दम लागणं, अचानक भयंकर डोकं दुखणं, दिसायला कमी होणं, यातलं काहीही झालं तर गोळी बंद करा आणि थेट मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा मेयो रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा, रात्र असली तरी. असं क्वचितच होतं: गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला साधारण 2 जणींना गुठळी होते, या प्रकारच्या गोळीवर 5 ते 7 जणींना. गरोदरपणात धोका याहून जास्त असतो.

महालवासी: खूप आभार. बीपी उद्याच मोजते. जाऊबाई म्हणतात, छाया नावाची गर्भनिरोधक गोळी घे, तिच्यात हार्मोन नसतं.

परिचारिका, कुटुंब नियोजन: हार्मोन नसतं हे खरं. मळमळही सहसा होत नाही. पण छायाने पाळी आपोआप लांबते आणि कधी येईल ते सांगता येत नाही, त्यामुळे सणाच्या तोंडावर बदल नको. नंतर बदलायची असेल तर पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा 30 मिग्रॅ, मग आठवड्यातून एकदा. अंडाशयात गाठी असतील तर ती देत नाहीत.

इतवारी फार्मसिस्ट: महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरोघरी रात्रीचे अकरा वाजतात. पंगत उठेपर्यंत गोळी लांबवू नका, मोबाइलवर रोजच्या वेळेचा गजर लावा आणि प्रसादाचे दोन घास खाऊन घ्या. एखादी राहिलीच तर आठवताच घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळी, मग एका दिवसात दोन झाल्या तरी हरकत नाही. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर पुढचे सात दिवस निरोध वापरा.