मदत हवी आहे: डेअरडेव्हिल सीझन २, वकील बाबा आणि मधेच घुसलेले निंजा

रामबागवाली

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. बाबा सध्या आमच्याकडे आहेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, पेपर वाचून डोळे दुखतात आणि बातम्या लावल्या की बीपी चढतं, म्हणून मी त्यांना डेअरडेव्हिल लावून दिली, ती जुनी, नेटफ्लिक्सवाली, जी २०२२ मध्ये डिस्नेकडे गेली ती. कारण एवढंच की हिरो, आंधळा मॅट मर्डॉक, दिवसा वकील आहे (रात्री मुखवटा घालून डेअरडेव्हिल) आणि बाबांनी जन्मभर इथल्या जिल्हा कोर्टात फौजदारी केसेस लढवल्यात. मला वाटलं दोन एपिसोडमध्ये कंटाळतील. कसलं काय, पहिला सीझन एका आठवड्यात फस्त. त्यातला खलनायक विल्सन फिस्क तर त्यांना इतका आवडला की असा बिल्डर आपल्याकडेही होता म्हणून एक जुनी केस अर्धा तास सांगितली.

आता गाडी सीझन २ मध्ये अडकलीय. सुरुवातीचे चार एपिसोड म्हणजे कमाल, पनिशर म्हणजे गुन्हेगारांना स्वतःच मारत सुटलेला फ्रँक कॅसल येतो, गच्चीवर मॅटला साखळीने बांधून ठेवतो आणि दोघं वाद घालतात की गुन्हेगाराला मारायचं की कायद्याच्या हाती द्यायचं. त्या सीनला बाबांनी रिमोट घेऊन टीव्ही थांबवला आणि मलाच विचारलं, तू सांग आता, कोण बरोबर? चहा गार झाला पण युक्तिवाद संपेना. मग फ्रँक कॅसलची केस उभी राहते, नेल्सन अँड मर्डॉक ही मॅट आणि त्याचा पार्टनर फॉगी यांची फर्म वकीलपत्र घेते, आणि बाबा सरसावून बसले. इथूनच भानगड सुरू.

एक तर मॅट रात्रभर त्या जुन्या मैत्रिणीबरोबर, एलेक्ट्राबरोबर हिंडतो आणि सकाळी केसची सुरुवात असताना गायब, बिचारा फॉगी उभा राहून ओपनिंग करतो. बाबा जाम भडकले. म्हणाले, ज्याला पेशीच्या दिवशी सकाळी उठवत नाही त्याने रात्री गच्च्यांवरून उड्या मारू नयेत, आमच्या वेळी असं केलं असतं तर पक्षकाराने फाईल काढून नेली असती. मग तो पोस्टमॉर्टेमवाला डॉक्टर येऊन रिपोर्ट खोटा होता म्हणून कबूल करतो, तेवढ्यात कळतं त्याला रात्री कुणीतरी धमकावलंय आणि सगळी साक्षच बाद. यावर बाबा दुसऱ्या दिवशी पोहे खातानासुद्धा बोलत होते.

ज्युरी दिसली की नानावटी ठरलेलं. १९५९ ची केस, नौदलातल्या नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळी घातली ती, ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, सेशन्स जजला ते पटलं नाही, त्याने हायकोर्टाकडे पाठवलं, हायकोर्टाने शिक्षा दिली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, हे आता मला पाठ झालंय. फ्रँकला साक्षीला उभं केलं तेव्हा तर हात कपाळावर. जुन्या सीआरपीसीतलं (फौजदारी प्रक्रिया संहितेतलं) कलम ३१३ चं आरोपीचं बयान नोंदवून गप्प बसवायचा माणूस आहे हा, याला पिंजऱ्यात पाठवतं का कुणी!

तर आठव्या एपिसोडमध्ये एकीकडे हा निकाल आणि दुसरीकडे मॅटच्या घरात निंजा घुसतात, मॅटचा जुना गुरू, तो म्हातारा स्टिक येतो आणि हजारो वर्षांच्या युद्धाच्या गोष्टी सुरू. बाबांनी चष्मा काढून ठेवला. "हे काय आता, रामायण की महाभारत?" तेव्हापासून बंद आहे. मी स्वतः पुढचं बघितलेलं नाही.

मदत अशी हवीय की उरलेल्या पाच एपिसोडमध्ये कोर्ट आहे का, नसेल तर निंजा गाळून काय काय दाखवता येईल म्हणजे शेवट कळेल. मला स्पॉइलर चालतात, मी बाबांना सांगणार नाही. दुसरं, ही सिरीयल भयंकर अंधारी आहे, ऑपरेशन झालेल्या डोळ्यालासुद्धा नुसत्या सावल्या हलताना दिसतात म्हणतात, टीव्हीत काही करता येईल का? आणि पुढे तिसरा सीझन बघायला मधल्या जेसिका जोन्स, ल्यूक केज वगैरे सगळ्या बघाव्या लागतात का? एवढे निंजा आणि एवढे हिरो घरात आले तर बाबा परत बातम्या लावतील यार.

अर्धा_प्लेट_पोहे

भिया, पहिले तर बाबांना साष्टांग नमस्कार. धागा वाचून ऑफिसात हसतोय.

तुमच्या बाबांना जे खटकलं तेच तेव्हा बऱ्याच जणांना खटकलं होतं. मार्च २०१६ मध्ये १३ एपिसोड एकदम आले, मी शनिवार-रविवारात संपवले, आणि मतलब पनिशरचा भाग संपूच नये असं वाटतं आणि हँडवाला (म्हणजे त्या निंजांच्या टोळीचा) भाग आला की मोबाईल हातात. पहिला सीझन डीनाईट या लेखक-निर्मात्याने सांभाळला होता, दुसऱ्याला पेट्री आणि रामिरेझ असे दोघं होते, मी तेव्हा गमतीत म्हणायचो की दोघांनी एकेक सिरीयल लिहिली आणि मग कापून एकात एक घातली.

निशाचर

स्पॉइलर आहेत, ज्यांनी बघितलं नाही त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जा.

कोर्ट संपलं, हे आधीच सांगतो. पण बाबांसाठी पुढे माल भरपूर आहे. नववा एपिसोड अजिबात सोडू नका, फ्रँक जेलमध्ये आणि तिथे कोण बसलाय तर फिस्क, आतूनच सगळं जेल चालवतोय. फ्रँक पिंजऱ्यात जे काही बरळला ते त्याने मुद्दाम केलं होतं, जेलमध्ये जायलाच, म्हणजे केस वकिलाने नाही आरोपीनेच पाडली, हे ऐकून बाबांचा मॅटवरचा राग थोडा तरी उतरेल. त्यातली कॉरिडॉरमधली मारामारी मात्र फार रक्ताची आहे, जेवणाच्या वेळी लावू नका. फायदा एकच, ती पांढऱ्या उजेडात आहे, सगळं दिसतं. मॅट निंजांच्या त्या फार्म नावाच्या अड्ड्यावर जातो तो भाग पळवा.

दहाव्यात सरकारी वकील रेयेस आपल्या ऑफिसात कबूल करते की फ्रँकचं कुटुंब ज्यात मेलं तो सेंट्रल पार्कचा गोळीबार म्हणजे त्यांचाच फसलेला सापळा होता, आणि बोलता बोलताच खिडकीतून गोळ्या येतात. ते बघाच. मग मॅट फिस्कला जेलमध्ये भेटायला जातो, टेबलाच्या अलीकडे-पलीकडे दोघंच, मला विचाराल तर पूर्ण सीझनमधला सगळ्यात भारी सीन, गच्चीपेक्षाही. अकराव्यात मॅटच्या फर्ममधली कॅरन आणि फ्रँक हॉटेलात कॉफी पीत बसतात तो भाग, बाकी हॉस्पिटलवर निंजांचा हल्ला आहे तो पळवला तरी चालेल. बाराव्यात कॅरनचा धागा पकडा फक्त, कोर्टात फ्रँकच्या बाजूने साक्ष देऊन गेलेला तो कर्नल आठवतोय ना, तोच ड्रग्जवाला ब्लॅकस्मिथ निघतो.

तेराव्याची शेवटची वीस मिनिटं बघा. बाबांना एवढंच सांगा की त्या निंजा लोकांना एलेक्ट्रा हवी होती, तिने नकार दिला, त्यात ती मेली. फ्रँक समोरच्या गच्चीवरून बंदूक घेऊन मदत करतो. आणि फर्म बंद होते. याचं बाबांना वाईट वाटेल, तयारी ठेवा.

खंडेराव_मार्केट

वडोदऱ्याहून. निशाचर यांच्याशी सहमत पण एक गोष्ट राहिली. निंजा कापा, एलेक्ट्रा पूर्ण कापू नका. पाचव्या एपिसोडमध्ये कॉलेजच्या दिवसांतला सीन आहे, ती मॅटच्या वडिलांच्या खुन्याला बांधून त्याच्यासमोर आणते आणि म्हणते मार याला, आणि मॅट मारत नाही. गच्चीवरच्या वादाचं उत्तर तिथे आहे, फ्रँक तोंडाने जे विचारतो ते तिने आधीच करून दाखवलेलं असतं. बाबांनी एलेक्ट्राच्या रागात तो एपिसोड अर्धवट बघितला असेल तर तेवढा सीन परत लावा.

बाकी एलोडी युंगने काम काय सुंदर केलंय, लोक उगाच निंजांचं खापर तिच्यावर फोडतात.

पडदा_पाडा

टीव्हीचं मी सांगतो, आमच्या आईचंही मोतीबिंदू झालंय. सेटिंगमध्ये पॉवर सेव्हिंग किंवा इको मोड असेल तो आधी बंद करा, खोलीतला उजेड कमी झाला की तो आपोआप पडदा मंद करतो आणि निम्मा घोळ तिथेच असतो. मग पिक्चर मोड सिनेमा करून गामा किंवा शॅडो डिटेल नावाचं काही दिसतंय का बघा, शॅडो डिटेल थोडं वाढवलं किंवा गामा कमी-जास्त करून बघितला की अंधारातले चेहरे वर येतात. नुसता ब्राइटनेस वाढवत बसू नका, काळ्याचं राखाडी होतं आणि सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं. ॲपमध्ये क्वालिटी ऑटोवर असेल तर हायवर टाका, कमी नेटला अंधाऱ्या सीनमध्ये चौकोन चौकोन दिसतात. सबटायटलचा साइज मोठा आणि मागे काळी पट्टी. दिवे सगळे घालवू नका, टीव्हीच्या मागे एक छोटा दिवा राहू द्या, डोळ्याला बरं पडतं.

आणि ऑडिओच्या यादीत ऑडिओ डिस्क्रिप्शन दिसलं तर लावून बघा, इंग्रजीत एक आवाज सांगत जातो की आता कोण खिडकीतून आलं, कोणी कोणाला पाडलं. नेटफ्लिक्सने ही सोय २०१५ मध्ये सुरू केली ती याच सिरीयलपासून, आंधळ्या हिरोची सिरीयल आंधळ्यांनाच बघता येत नाही अशी ओरड झाली होती.

लष्करकर

ग्वाल्हेरहून बाबांना एक नमस्कार आमच्या काकांचा, तेही इथल्या बेंचला होते. ज्युरीबद्दल भर घालतो, १९७३ च्या, तेव्हाच्या नव्या सीआरपीसीत ज्युरीची तरतूदच ठेवली नाही, पण पारशी लोकांच्या घटस्फोटाच्या केसेसमध्ये ज्युरीसारखे प्रतिनिधी राहिले. बाबांना माहीत असणारच, पण काढून बघा विषय, संध्याकाळ निघून जाईल.

पुढचं काय बघायचं तर डिफेंडर्स २०१७ ची, आठ एपिसोडची, तिच्यात निंजाच निंजा. बाबांसाठी बाद. जेसिका जोन्स चांगली आहे पण गरज नाही. सरळ पनिशर लावा, तिचा पहिला सीझन फ्रँकचीच पुढची गोष्ट आहे, एकही निंजा नाही. मग डेअरडेव्हिलचा तिसरा, आधी फक्त सांगून ठेवा की मधे मॅटवर एक बिल्डिंग कोसळली आणि सगळ्यांना तो मेला असं वाटतंय. त्यात फिस्क एफबीआयला जसा खेळवतो ना, बाबा तुम्हाला आशीर्वाद देतील. २०२५ च्या बॉर्न अगेनमध्ये तर सुरुवातीलाच परत एक पूर्ण खटला आहे.

रामबागवाली

किती किती थँक्यू सगळ्यांना!! इको मोडच चालू होता, नवऱ्याने बिल वाचवायला लावून ठेवलेला, त्यावरून घरात वेगळी केस चालू झालीय. काल नववा आणि दहावा बघितला निशाचर म्हणाले तसा. फिस्कला बघून बाबांनी टाळी वाजवली अक्षरशः. पाचव्यातला तो सीन आज लावते.

आता बाबांचा नवीन प्रश्न, मी शपथेवर सांगते हा त्यांनीच टाकायला लावलाय. रेयेसने स्वतःच्या तोंडाने कबुली दिली, ऐकायला तीन साक्षीदार हजर, दोन तर वकीलच. मग फ्रँकची अपील का नाही लावत हे लोक? निकाल फिरला असता म्हणतात.

लष्करकर

काकांना विचारलं. म्हणाले अपील कसली, पक्षकार जेल फोडून पळालाय ना. अमेरिकेतसुद्धा फरारी माणसाची अपील कोर्ट ऐकायला नकार देऊ शकतं, आधी हजर हो मग बोल. आणि शिवाय रेयेसचा खूनही फ्रँकच्याच नावावर लावलाय, अशा वेळी कोणता वकील उभा राहील. फॉगी राहील कदाचित, असं काका म्हणाले. बाबांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दोघांचं फोनवर होऊन जाऊ दे.