"चालतोय ना, मग राहू दे": जुन्या विंडोजने दिलेले अनुभव सांगा

कातळसडा
परवा भावाच्या काजू कारखान्यात गेले होते. तिथल्या ऑफिसच्या कंप्युटरवर अख्खी स्क्रीन भरून मेसेज, विंडोज १० चा सपोर्ट संपलाय म्हणून. भाऊ म्हणे, अगं कधीपासून येतोय तो, बंद करायचा आणि कामाला लागायचं. मला एकदम मामाची आंब्याची शेड आठवली.

२०१६ चा मे, अक्षय्य तृतीया नुकतीच झालेली, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. कंप्युटरवर विंडोज एक्सपी, कारण बिलाचा जुना प्रोग्राम आणि तो कर्रकर्र वाजणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर फक्त त्यावरच चालायचा. एक्सपीचे अपडेट २०१४ मध्येच बंद झालेले. शेडमधल्या पोराने "बिल" म्हणून आलेली मेलमधली फाइल उघडली, दुपारी बघतो तर सगळ्या फाइलींची चित्रं जाऊन कोरी पांढरी पानं, प्रत्येक नावाला पुढे भलतंच शेपूट लागलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी, तेही बिटकॉइनमध्ये. मुंबई-पुण्याची वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं, पत्ते, उधारी, सगळं कुलूपबंद. बॅकअपचा पेन ड्राइव्ह होता हो, पण तो कायम मागे खोचलेलाच असायचा, तोही गेला. मामीने कुरिअरच्या पावत्या बघून पत्ते एका वहीत उतरवून ठेवले होते म्हणून निदान पेट्या तरी पोचल्या, उधारी मात्र बरीचशी बुडाली. मामा त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

तुमच्याकडे असं काही झालंय का? लिहा, भावाला वाचायला देणार आहे.

खाडीकाठ
सेम. आमचं डीटीपीचं दुकान, लग्नपत्रिका, पूजेची आमंत्रणं. पानं जुळवायचा जुना प्रोग्राम पेजमेकर आणि जुने फॉन्ट, त्यामुळे एक्सपी सोडवत नव्हतं. नेट कधीच जोडलं नाही त्याला तरी त्रास व्हायचाच, कारण गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येणार. लावला की आतले सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसायचे, आणि तोच पेन ड्राइव्ह ते पुढे ग्रामपंचायतीत, शाळेत लावणार, म्हणजे एका दुकानातून अख्ख्या गावाला लागण. एकांच्या मुलीच्या पत्रिकेचं फायनल त्यातच अडकलं, रात्री बसून परत टाइप केलं. आता लिनक्सवाला, म्हणजे विंडोजऐवजी दुसरी सिस्टिम असलेला, वेगळा डबा ठेवलाय, बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी त्यावर उघडतो, लागेल तेवढीच फाइल घेतो.

बांगडो_फ्राय
आमच्या बर्फाच्या फॅक्टरीत अजून विंडोज सेव्हनच आसा. मालक म्हणता चलता मां, मगे कित्याक बदलूचो? ह्यो धागो तेका दाखवतंय.

रातांबा
दाखवा नक्की. तारखा देतो, मालकांना तारखा पटतात. एक्सपी ८ एप्रिल २०१४ ला संपलं, सेव्हन १४ जानेवारी २०२०, विंडोज १० १४ ऑक्टोबर २०२५. संपलं म्हणजे कंप्युटर बंद पडत नाही, तिथेच लोक फसतात. नवं भोक सापडलं तर तुमच्यासाठी ते कोणी बुजवत नाही. वर नव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती आली की ती बघून चोरांना कळतं भोक नेमकं कुठे होतं, आणि बरेचदा तेच भोक जुन्यातही असतं.

वॉनाक्राय आठवतंय का, फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस? १२ मे २०१७, दीडशेच्या आसपास देश, इंग्लंडमधली हॉस्पिटलं अडली. त्याचं औषध मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. सगळे एक्सपीला नावं ठेवतात पण पसरलं ते मुख्यतः अपडेट न केलेल्या सेव्हनवर. म्हणजे सपोर्ट असून अपडेट बंद ठेवणारेही त्याच होडीत.

उरणकर
२०१७ जून विसरणार नाही. भावाचे ट्रेलर. न्हावा शेवा बंदरात एका टर्मिनलची सिस्टिम बसली, कंटेनर हाताने लिहून सोडत होते, गाड्या रस्त्यावर उभ्या, ड्रायव्हर लोक पावसात गाडीतच झोपलेले, आई डबे पाठवत होती. गावातल्या माणसाचा कंप्युटरशी काडीचा संबंध नाही तरी भोगलं त्यानेच.

रातांबा
@उरणकर तो नॉटपेट्या व्हायरस. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि मग अपडेट केलेल्या मशीनवरही पसरला. म्हणून नवीन विंडोज घेतलं की झालं असंही नाही, बॅकअप पाहिजेच.

वाशिष्ठीकाठ
बॅकअप म्हणजे दुसरीकडे ठेवलेला बॅकअप, हे मी ओरडून सांगेन. २२ जुलै २०२१, चिपळूण. दुकानात पाणी माळ्यापर्यंत. कंप्युटर, यूपीएस, हार्ड डिस्क सगळं चिखलात. बहीण दर गणपतीला येते डोंबिवलीहून, ती जाताना एक डिस्क घेऊन जायची, त्यावर जुना सगळा हिशोब निघाला. व्हायरसचं नाही झालं हे, पण लिहावंसं वाटलं.

कातळसडा
@वाशिष्ठीकाठ किती सोसलंत हो तुम्ही लोकांनी. डिस्क बाहेर ठेवायचं भावाला आजच सांगते.

सुरंगी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. सासूबाईंचा लॅपटॉप, सेव्हन. २०२३ पासून क्रोम १०९ वरच अडकलंय, पुढे जात नाही. पेन्शन बघायला बँकेची साइट त्यावरच उघडायच्या. मी बँकेचं काम त्यावरून बंदच करायला लावलं, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले. त्या लॅपटॉपवर आता नेट न जोडता लग्नाचे फोटो आणि दशावताराचे व्हिडिओ बघतात. रागावल्या होत्या दोन दिवस, पण पैसे त्यांचेच आहेत ना.

बांगडो_फ्राय
दशावतार खयचो? पेनड्राइव्हार मिळतलो काय?

सुरंगी
@बांगडो_फ्राय पेन ड्राइव्ह नको बाबा, वरचं वाचलंस ना 😄 आजचा धागाच त्याच्यावर आहे.

निवास_न्याहारी
गुहागर. घरगुती राहण्याची सोय आहे आमची, बुकिंगचा लॅपटॉप जुना, चार जीबी रॅम, विंडोज ११ घेतच नाही. पाहुण्यांचे आधार कार्डाचे स्कॅन त्यात असतात, ते सांभाळायची जबाबदारी माझीच, म्हणून मुलीकडून लिनक्स मिंट टाकून घेतलं. प्रिंटर लगेच चालला, स्कॅनरने रडवलं, शेवटी फोननेच स्कॅन करतो. जुने स्कॅन पुसून टाकले, उगाच कशाला साठवायचे. बाकी मेल, एक्सेलसारखं शीट, सगळं होतं. बायको म्हणाली आधीपेक्षा पटकन उघडतं.

लॅबवाली
आमच्याकडे रक्त तपासायचं मशीन एक्सपीशिवाय बोलतच नाही. नवं घ्यायचं तर लाखांत, तालुक्याच्या ठिकाणी ते परवडत नाही, आणि ते बंद केलं तर पेशंटला रिपोर्टसाठी रत्नागिरी गाठावी लागेल. त्यामुळे बदला बदला म्हणणाऱ्यांनी हेही बघावं. आम्ही त्याचं नेट, वायफाय कायमचं काढलंय, यूएसबीची तोंडं टेप लावून बंद, रिपोर्ट कागदावर काढून दुसऱ्या मशीनवर टाइप करतो. वेळ जातो. पण पेशंटची माहिती बाहेर गेली तर लहान गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

रातांबा
@लॅबवाली अगदी बरोबर करताय. बदलता येत नसेल तर एकटं पाडायचं.
@कातळसडा भावाच्या मशीनचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसेल तर विंडोज ११ अधिकृतपणे बसणार नाही. विंडोज १० घरगुती असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. कारखान्याच्या मशीनला वेगळी योजना आहे, ती विकत घ्यावी लागते.

कातळसडा
बघितलं आत्ताच फोनवर, सातवी पिढी. पण मशीन दणकट आहे, टाकवत नाही.

खाडीकाठ
टाकू नका, मिंट घाला. बिलाचा प्रोग्राम ब्राउझरवर चालतो का तेवढं आधी बघा. आणि काजूगर ओले निघतात का आत्ता? पुण्याला पाठवायचेत.

कातळसडा
ओले सीझनलाच हो, आत्ता सुकेच आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, भावाचा नंबर देते. डिस्क कोणती घेऊ, एक टीबी पुरेल?

वाशिष्ठीकाठ
हिशोबाला एक टीबी खूप झाली. दोन घ्या, आलटूनपालटून. काम झालं की वायर काढायची, मामांसारखी लावून नाही ठेवायची.