अमेरिकेत जन्मलेल्या पुतणीला भारताकडून धावता येईल काय?

चोपडेकर
माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त न्यू जर्सीत स्थायिक झाला असून त्याची सोळा वर्षांची मुलगी तेथील शाळेकडून १५०० मीटर धावते. तिचा जन्म अमेरिकेतला आणि पासपोर्टही अमेरिकेचा आहे. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे) मात्र लहानपणीच काढलेले आहे. सुटीत चोपड्याला आली असताना, पुढे संधी मिळाली तर भारताकडून धावायचे आहे, असे तिने स्वतःहून सांगितले. आमच्या वडिलांना अतिशय आनंद झाला, भाऊ मात्र काळजीत पडला आहे. नियम नेमका काय आहे आणि सध्या कोणती गोष्ट टाळावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

धुळ्याचा वकील
ओसीआय कार्डामुळे भारतात राहता येते, शिकता येते, बरेचसे व्यवहार करता येतात. पण नागरिकत्व मिळत नाही. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २००८ च्या अखेरीस धोरण ठरवले की भारतीय संघात केवळ भारतीय नागरिकांनाच घ्यावे. भारतात दुहेरी नागरिकत्वाची सोय नसल्यामुळे आपल्या पुतणीला अमेरिकेचे नागरिकत्व सोडावेच लागेल. इतर अनेक देशांच्या खेळाडूंना दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवून एका देशाची निवड करता येते, तशी मोकळीक आपल्याकडे नाही.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार सज्ञान झालेल्या आणि पाच वर्षे ओसीआय म्हणून नोंद असलेल्या व्यक्तीला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, परंतु अर्जापूर्वी सलग बारा महिने भारतात वास्तव्य लागते. म्हणजे कॉलेजच्या ऐन उमेदीच्या काळात एक वर्ष येथे राहणे आले, आणि तेथील शिष्यवृत्तीचे काय करायचे हा प्रश्नही आला. हे अशक्य नाही. जपानमध्ये जन्मलेले इझुमी अराता जपानी नागरिकत्व सोडून २०१३ मध्ये भारताच्या फुटबॉल संघात आले, आणि रायन विल्यम्स यांनी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे स्वीकारले. मात्र त्या दोघांनी जाणत्या वयात, व्यवसायात स्थिरावल्यावर हा निर्णय घेतला होता, हे भावाच्या कानावर अवश्य घालावे.

शहाद्याचे क्रीडाशिक्षक
वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मैदानाची बाजू मी सांगतो. वर्ल्ड ॲथलेटिक्सने, म्हणजे धावणे-उड्या-फेकीच्या खेळांच्या जागतिक संघटनेने, २०१७ च्या फेब्रुवारीत देश बदलण्याचे सर्व अर्ज थांबवले होते, कारण काही श्रीमंत देश आफ्रिकेतील धावपटूंना पैशाच्या बळावर आपल्याकडे आणत होते. केनियाचे स्टीफन चेरोनो २००३ मध्ये सैफ सईद शाहीन या नावाने कतारकडून उतरले आणि त्याच वर्षी पॅरिसला स्टीपलचेसचे (अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीचे) विश्वविजेते झाले. २०१८ पासून नवे नियम लागू आहेत: एकदा एका देशाकडून उतरलेल्या खेळाडूला बदलासाठी अर्जानंतर साधारणपणे तीन वर्षे थांबावे लागते, वयाची वीस वर्षे होण्यापूर्वी हा बदल मिळत नाही, आणि तो एकदाच करता येतो.

म्हणून ज्युनियर गटात अमेरिकेच्या संघाचे बोलावणे आले, तर होकार देण्यापूर्वी त्या स्पर्धेमुळे देश ठरतो काय, हे त्यांच्या महासंघाकडून लेखी विचारून घ्यावे. शाळेच्या आणि क्लबच्या शर्यतींनी काही बिघडत नाही.

एक गोष्ट मनात आहे, ती लिहितो. धडगाव, अक्कलकुव्याकडची मुले डोंगरवाटांवर धावून तयार होतात. त्यांना ना सिंथेटिक ट्रॅक, ना आहारतज्ज्ञ. परदेशातून येणाऱ्या मुलीचे स्वागत मी करीन, परंतु तिने निवड चाचणीत याच मुलींसोबत धावून जागा मिळवावी. केवळ अमेरिकेत प्रशिक्षण झाले म्हणून कोणाला थेट प्रवेश मिळू नये.

चोपडेकर
दोघांचेही मनापासून आभार. चाचणी देण्यास ती आनंदाने तयार होईल. वडील मात्र म्हणतात की अमेरिकेकडून धावली तर ती आपली राहणार नाही. त्यांना काय सांगावे?

जळगावची वाचक
आजोबांना एजाझ पटेल यांच्याविषयी सांगा. मुंबईत जन्मून बालपणीच न्यूझीलंडला गेलेल्या या गोलंदाजाने डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर भारताचे एका डावात दहाही बळी घेतले, तेव्हा आपल्याच लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. सौरभ नेत्रावळकर २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळले आणि २०२४ च्या टी-२० विश्वचषकात अमेरिकेकडून खेळताना त्यांनी रोहित आणि विराट दोघांनाही बाद केले. ते परके झाले, असे मुंबईत मला तरी कोणी म्हणताना ऐकू आले नाही. मुलगी ज्या देशात वाढली, ज्या प्रशिक्षकांनी तिला घडवले, त्यांच्याविषयी तिला आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे, आणि चोपड्याच्या घराविषयी वाटणारी ओढही तितकीच खरी आहे. सोळाव्या वर्षी तिच्याकडून वचन घेऊ नये. अठरा पूर्ण होईपर्यंत तिला मुक्तपणे धावू द्यावे, ओसीआयची कागदपत्रे नीट जपावीत, आणि त्यानंतर बारा महिने येथे राहण्याची तिची तयारी आहे काय, हे तिलाच विचारावे.