मदत हवी आहे: सिलिअ‍ॅक, आठ महिने पथ्य, तरी टीटीजी वरच

नमस्कार मंडळी,

मुलगी 9 वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी रक्ततपासणी आणि बायॉप्सी करून सिलिअ‍ॅकचं (गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार) निदान झालं. तेव्हापासून गहू, बार्ली, राय पूर्ण बंद. पोटदुखी थांबली, वजनही वाढतंय. पण टीटीजी आयजीए (या आजारात रक्तात वाढणारी प्रतिपिंडं) निम्म्यावर आलं आणि तिथेच अडकलंय. डॉक्टर म्हणतात, उतरायला वर्षभर किंवा जास्तही लागू शकतं, घाई नको. पटतं, पण रात्री झोप लागत नाही.

परवा टोस्टर उलटा करून झटकला तर ओट्यावर चमचाभर चुरा पडला. आमचा गव्हाचा पाव आणि तिचा वेगळा पाव, दोन्ही त्यातच भाजत होतो! कपाळावर हात मारला. आता तिच्यासाठी वेगळा घेतलाय. लाकडी पोळपाट, जुनी चाळणीही बदलायची का? तुम्ही काय केलंत?

दुसरं, ओट्स. 'ग्लुटेनमुक्त' छापलेले, म्हणजे 20 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 20 भाग ग्लुटेनच्या) आतले, तुमच्या मुलांना सोसले का? कधी सुरू केले?

आणि धाकट्याला काहीच त्रास नाही, तरी त्याचीही तपासणी सांगितलीय. त्याआधी त्याचा गहू बंद करायचा नाही, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो, एवढं कळलंय. लक्षणं नसताना भावंडांत निघालंय का कुणाच्या?